दहाही ओळींत अमृत

खर्डा, ता. जामखेड
गुरुवार, ८ जानेवारी २०२६

चि. अमृत यास दादाचे आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तू, धनश्री आणि छोटी खुशाल असाल असं धरून चालतो. संक्रांतीला अजून सहा दिवस आहेत, त्यामुळे गोड बोलायचं बंधन माझ्यावर नाही. जे बोलायचं ते आजच बोलून घेतो.

हाताने पत्र लिहितोय याचं तुला नवल वाटेल. दिवसभर सेंटरवर लोकांचे अर्ज टाईप करणारा माणूस. पण फोन तू उचलत नाहीस आणि माझा नंबरही बंद करून ठेवलास. पोस्टमनला तसं बंद ठेवता येत नाही.

शेतात ज्वारी हुरड्याला आली आहे. निम्मं गाव ऊसतोडीला कारखान्यांवर गेलंय, त्यामुळे सेंटरवर गर्दी नाही आणि मला विचार करायला वेळ फार. आबांची तब्येत आहे तशीच. उजवा हात उचलत नाही, भिंतीला धरून मोरीपर्यंत जातात, तोंडात एकच शब्द उरलाय. जेवलात का? व्हय. उपाशी आहात का? व्हय. आज कोण वार, तरी व्हय. तेव्हा त्यांच्याबद्दल जे मी तुला आधी कळवलं आहे, त्यात फरक नाही.

आता मुद्द्यावर येतो. लॉकडाऊनमध्ये तू चार महिने घरी होतास, तेव्हा आबांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर तो बेसबॉलचा खेळ टाकलास. समोरचा बाहुला चेंडू फेकतो, आपण लांब पट्टीचं बटण दाबलं की आपला बाहुला बॅट फिरवतो, लागला तर लोक ओरडतात, तीनदा चुकला तर घरी. तू खेळायचास आणि आबा खाटेवर बसून हसायचे. चेंडू मारल्यावर बाहुला बॅट टाकून पळतो हे काही त्यांना पटायचं नाही. "कोयता फडात टाकून कोन पळतं का रं?" असं म्हणायचे. तू चाकणला परत गेलास, खेळ तसाच राहिला. मी त्याला कधी हात लावला नाही. मला तेवढा वेळ नव्हता.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी एक कागद दुरुस्त करायला तो कॉम्प्युटर चालू केला, तर पडद्यावर तोच खेळ. कुणीतरी बंद करायला विसरलं होतं. वर पहिल्या दहा खेळाडूंची यादी. दहाही ओळींत इंग्रजी मोठ्या अक्षरांत एकच नाव, अमृत.

म्हटलं, जुने आकडे असतील. तरी पहिला आकडा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो वाढलेला. चौथ्या दिवशी खालच्या दोन ओळी पुसून नव्या आलेल्या. नाव अमृतच. अमृत, तू मला खुळा समजतोस का?

सेंटरवरचं सॉफ्टवेअर बिघडलं की कंपनीचा माणूस पुण्यात बसून माझ्या पडद्यावर बाण फिरवतो. मी हात मांडीवर ठेवून बघत बसतो. हे तुला येत नसेल असं मी मानायचं? तू तर कॉम्प्युटरच्याच धंद्यात आहेस. त्या कॉम्प्युटरमध्ये घरचे कागद आहेत, खाजगी आहेत. खेळ हे निमित्त. बैल दाखवायचा आणि गोठा बघून घ्यायचा, अशातला हा प्रकार आहे. तुला काय बघायचं होतं ते सरळ विचारायचं होतंस.

मी सरळ इंटरनेटची वायर काढली आणि गुंडाळून कपाटात ठेवली. तुझी वहिनी राजेश्वरी म्हणाली, "वायरीनं काय केलं हुतं तुमचं?"

आणि दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा वाढला.

म्हणजे तुझं कुणीतरी माझ्या घरात आहे. माऊस नेहमी उजवीकडे असतो, तो हल्ली डावीकडे सापडतो. मला चकवायला तू तसं सांगितलं असणार. खुर्ची खाटेकडे सरकलेली असते. मी सकाळी नऊला सेंटरवर जातो. राजेश्वरी अकराला शेतात जाते. ती परत येईपर्यंत शेजारची बायडाबाई आबांपाशी येऊन बसते. तिला टीव्हीचा रिमोट उलटा धरायची सवय, तिचं हे काम नाही. ज्ञानेश्वरी नगरला होस्टेलवर आहे, आपल्या पोरीवर मी तरी संशय घेणार नाही. राहता राहिली तुझी वहिनी. ती पहिल्यापासून तुझ्या बाजूची. तुझा पहिला पगार झाला तेव्हा साडी तिला आणलीस, मला पेन.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी गावात कुणाला बोललो नाही. पण खाई त्याला खवखवे. तुझ्या मनात काही नसेल तर पत्राचं उत्तर दे. कोण आहे ते तूच सांगितलंस तर बरं, नाहीतर मी शोधतो. माझ्यापाशी उपाय आहे.

गणपतीत तुझी नगरची फेरी फुकट गेली, त्याबद्दल नंतर कधीतरी बोलू. तो विषय यात आणू नकोस.

धनश्रीला आशीर्वाद.

कल्याण


खर्डा
सोमवार, १९ जानेवारी २०२६

अमृत,

तुझं उत्तर आलं नाही. येऊ नये असंच माझं पत्र होतं. आता हे दुसरं, आणि हे शेवटपर्यंत वाच.

उपाय सांगतो. सेंटरवर अंगठ्याचे ठसे घ्यायला निळ्या शाईचं पॅड असतं. संक्रांत झाल्यावर शुक्रवारी सकाळी निघताना मी बोटभर शाई कीबोर्डच्या लांब पट्टीला लावून ठेवली. पट्टी काळी, शाई दिसत नाही. आधी कुंकू लावायचा विचार होता, पण राजेश्वरीच्या बोटाला ते सकाळपासूनच असतं, पुरावा कसला उरणार. माझी हुशारी बघ.

संध्याकाळी आलो तो सगळ्यांचे हात बघतच. बायडाबाईला मुद्दाम चहा दिला, कप धरताना तिची दहाही बोटं पाहिली. स्वच्छ. राजेश्वरी भाकरी थापत होती, पिठाखाली काय दिसणार, म्हणून हात धुवायला लावले. ती म्हणाली, "आज काय पोलीस होऊन आलाय का काय?" तेही स्वच्छ.

मग आबांना भरवायला बसलो. ताटलीला धरायला त्यांनी डावा हात पुढे केला आणि अंगठा निळा.

मला काही सुचायच्या आत राजेश्वरीनं तो पाहिला. ती भांडं खाली ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "कागद कुठं हाय?" म्हणाली. मी म्हटलं, कसला कागद. "कीबोर्डाखालच्या खणातला, मी बघितलाय त्यो. आबांचा अंगठा घेतलाय तुमी त्याच्यावर. लाज वाटती का काही?"

आता तो कागद. पहिल्या पत्रात मी 'घरचे कागद, खाजगी' असं लिहिलं होतं, तोच. आबांचं मृत्युपत्र. मी स्वतः टाईप केलेलं. साडेचार एकर आणि घर थोरला मुलगा कल्याण यास, धाकटा नोकरीस असल्याने त्यास काही देणे नाही. सुरुवातीला 'मी पुंजाराम पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने' असं आहे. तुला फोनवर मी सांगत होतो की आबांना भान नाही, ते कुणाला ओळखत नाहीत. आणि त्याच आठवड्यात त्याच बोटांनी 'पूर्ण शुद्धीवर' असं टाईप करत होतो. दोन्हीतलं एक तरी खोटं होतं. कोणतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि जाणूनही घ्यायचं नव्हतं.

पण अंगठा मी घेतला नव्हता, आईशपथ. खणात दीड महिना तो कागद तसाच पडून होता. हिंमत होत नव्हती, एवढं तरी खरं मान. राजेश्वरी म्हणाली, "शपथ नको, कागद दाखवा." मी तरातरा गेलो, खण ओढला, कागद तिच्या तोंडासमोर धरला. बघ म्हटलं, कोरा आहे.

कोरा नव्हता. आबांच्या नावाखाली, मी फुलीनं दाखवलेल्या जागी, निळा अंगठा होता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मला तर भर उजेडात दिसेना. राजेश्वरीनं कागद बघितला, मला बघितलं आणि आबांना भरवायला ती स्वतः बसली. नंतर एवढंच म्हणाली, "दोन महिनं झालं, आबा खेळत्यात. मीच खुर्ची सरकवून देते. तुमाला सांगितलं असतं तर तुमी वायर काढली असती." वायर तर मी काढलीच होती. नाव तुझंच येतं, कारण खेळ संपल्यावर आबा नुसतं बटण दाबतात आणि तू शेवटी लिहिलेलं नाव तिथं तयारच असतं.

मी तिला सांगितलं की मी नाही घेतला. तिचा विश्वास नाही. कुणाचाच बसणार नाही. पण मी बावीस वर्षं लोकांचे अंगठे घेतोय, अमृत. हात धरून घेतलेला अंगठा फरफटतो, एका बाजूला शाई गोळा होते. घाबरलेल्या माणसाचा दोनदा उमटतो. हा सरळ टेकवून सरळ उचललेला होता, रेघन् रेघ मोजून घ्यावी असा. आबांनी खेळून झाल्यावर अंगठ्याची शाई पाहिली, खण उघडला, कागद वाचला आणि मला हवं होतं ते देऊन टाकलं. चौथीपर्यंत शिकलेत, टाईप केलेलं मराठी त्यांना वाचता येतं. हे मी विसरलो होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही हे लिहिण्यात अर्थ नाही. रविवारी राजेश्वरी शेतात गेल्यावर मी सेंटर बंद ठेवून आबांपाशी बसलो. खुर्ची मीच सरकवली. त्यांनी डाव्या हातानं माऊस ओढला, खेळ काढला आणि अंगठा पट्टीवर ठेवला. काय खेळतात, तुला सांगू? वेगाचे एकदोन चेंडू येऊ देतात, पट्टीला हात लावत नाहीत. हळू येणारा बरोबर ओळखतात आणि त्यालाच हाणतात. मी एकदा खेळून बघितलं, तीन चेंडूंत घरी गेलो. ते हसले. आषाढात अर्धांगाचा झटका आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. औषध देणं, भरवणं, अंग पुसणं सगळं वेळेवर केलं, पाहिलं मात्र नाही.

मी विचारलं, "आबा, कागद वाचला तुमी?"

"व्हय."

"अंगठा राजीखुशीनं दिलाय?"

"व्हय."

मी गप्प बसायला हवं होतं. पण संशयाची सवय जाते कुठं? पोटभर न्याहारी केलेल्या माणसाला विचारलं, "उपाशी आहात का?" तर म्हणाले, "व्हय." संपलं. त्या व्हयला काही किंमत नाही असं मीच गावभर सांगितलं होतं, आता मला तरी कशी वाटणार.

मग मी ते विचारलं, जे पहिल्या पत्रात 'नंतर कधीतरी' म्हणून टाळलं. "आबा, गणपतीत अमृत तुमाला बघायला आल्ता. जामखेडच्या स्टँडवरनं त्यानं फोन केला. तुमी इथंच खाटेवर होता. मी त्याला सांगितलं, आबांना परत नगरला दवाखान्यात नेलंय. तो तिकडं गेला. मी बरोबर केलं का?"

चेंडू आला. त्यांनी बटण दाबलं नाही. दुसरा आला, तिसरा आला, बाहुला बॅट धरून नुसता उभा. डाव संपला. ते माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा विचारलं, "बरोबर केलं का?" व्हय आला नाही. मी बराच वेळ वाट पाहिली, अमृत. आला नाही. तेव्हा मला कळलं की आधीचे व्हय काय होते. अंगठ्याचा व्हय खरा होता. आणि उपाशी असल्याचाही कदाचित खरा असेल, मी भाकरीच समजत होतो.

गणपतीतल्या त्या रात्री तू मला एकच ओळ पाठवलीस, 'दवाखान्यात नाव नाही.' किती दवाखाने फिरलास ते तू लिहिलं नाहीस, मी विचारलं नाही. राजेश्वरीला मी सांगितलं होतं की तुला रजा नाही. हे पत्र पाकिटात घालायच्या आधी तिला वाचून दाखवलं आहे. ती अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

का केलं ते विचारशील. जमिनीसाठी म्हटलं तर सोपं होईल. आईआबा ऊसतोडीला जायचे, तू लहान म्हणून तुला गाडीवर घालून न्यायचे, मला शाळेसाठी छबूकाकूपाशी ठेवायचे. दर वर्षी दिवाळीनंतरचे सहा महिने आबा तुझे. तू फडावरच्या कोपीतल्या, त्या पाचटाच्या खोपटातल्या गोष्टी सांगायचास, उसाच्या वाढ्यांवर पेटवलेल्या चुलीच्या, बैलांच्या, आणि मी खर्ड्यात पाढे म्हणायचो. आजारपणातले आबा तरी माझ्या एकट्याचे असावेत असं वाटलं. एवढंच आहे ते. पन्नाशीच्या माणसानं लिहावं असं हे नाही, पण आहे.

सोबत तो कागद ठेवला आहे. झेरॉक्स नाही, तोच. दोन साक्षीदार चहावर मिळतात, मग तो चालणारा कागद होईल. फाड किंवा ठेव, मी विचारणार नाही.

येत्या रविवारी मी जामखेडच्या स्टँडवर सकाळपासून मोटारसायकल घेऊन उभा असेन. येणार की नाही हे कळवू नकोस, मला वाट बघू दे. तू येणार आहेस असं आबांना सांगितलेलं नाही. आला नाहीस, तर कुणाची वाट बघून रिकामा आलो ते त्यांना माझ्या तोंडावरून कळेल.

तुला त्याच स्टँडवरून परत फिरवणारा,
दादा