उद्यावर ठेवलेलं पान

प्रिय दादास,
धाकट्याचा प्रभूमध्ये सलाम. सात वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, मी बरा आहे. खोकला आहे, पण तो इथे सगळ्यांनाच आहे. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

इथल्या चर्चमधलं वाचन परक्या भाषेत. आम्ही मराठी कामगार फक्त आमेन म्हणण्यात पटाईत. म्हणून मी कामाला आहे त्या धुलाईखान्यात जेवणाच्या सुट्टीत रोज मराठीतून पवित्र शास्त्र मोठ्याने वाचू लागलो. पाळकसाहेब हसले, "साध्या माणसांना काय कळणार?"

कळत होतं, दादा. शास्त्रातल्या योसेफाला त्याच्याच भावांनी विकलं, ते वाचलं तेव्हा आमच्या निरक्षर इस्त्रीवाल्याच्या हातातला घास हातातच राहिला. त्याचंही भावाशी बोलणं बंद होतं. मंगळवारच्या वाचनात तेच भाऊ योसेफापुढे गयावया करत होते आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली. इस्त्रीवाल्याने माझी बाही धरली.

"योसेफाने माफ केलं का, तेवढं सांग. मग मीही घरी पत्र घालतो."

"आयतं हवंय होय? उद्या ये, ऐक!" माझी जीभ तुला माहीतच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफेची टाकी फुटून तो गेला. दफनाच्या वेळचं वाचनही परक्याच भाषेत झालं. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो.

आज सुट्टीत पुढचं पान वाचलं. ऐकायला दुप्पट माणसं होती. योसेफाने माफ केलं, दादा.

बाबा गेले त्या दिवशी मी तुला जे बोललो, ते चुकलं. तू माफ केलंस की नाही, एका ओळीत कळव. नसलं केलं, तरी कळव.

तुझा,
धाकटा