रकाना सहामध्ये चाराऐवजी तीन लिहिण्याबाबत

प्रति,
माननीय चाचणी अधिकारी,
डास-अळी नियंत्रण प्रकल्प,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : घर क्रमांक १७ च्या साप्ताहिक पत्रकात रकाना ६ (घरातील माणसे) येथे 'चार'ऐवजी 'तीन' लिहिण्यास लेखी आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : पत्रक परत पाठवताना आपल्या कार्यालयाने मारलेला शेरा, 'संख्या अथवा वय जुळत नाही. दुरुस्त करून पाठवा.' (एकूण तीन वेळा)

महोदय,

१. अर्जदार आपल्या प्रकल्पात अळ्या मोजण्याच्या कामावर आहे. चाळीस घरांच्या एका गल्लीत दर मंगळवारी फिरून प्रत्येक पिंपातून पाच पळ्या पाणी पांढऱ्या ताटलीत काढणे, जिवंत व मेलेल्या अळ्या वेगवेगळ्या मोजणे, पाणी अळ्यांसकट पिंपात परत ओतणे आणि एक आड एक मंगळवारी बाटलीतले औषध सोडणे, हे त्याचे काम. अर्जदाराचे स्वतःचे घर त्याच गल्लीत असून तेच घर क्रमांक १७ होय. नेमणुकीच्या वेळी हे आपल्या कानावर घातले असता 'बरंच झालं, जाण्यायेण्याचा वेळ वाचेल' असे आपण म्हणाला होतात.

२. औषधाबद्दल आपणांस सांगणे हा आगाऊपणा आहे. परंतु अर्ज वर गेल्यास तेथील साहेबांना कळावे म्हणून नमूद केले आहे. लवंगेचे तेल पाण्यात नुसते ओतले तर दोन-तीन दिवसांत उडून जाते. तेच चरबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत भरून सोडले तर पंधरवडाभर हळूहळू पाझरते आणि अळ्या मरतात. हे खरोखर घडते का, ते पाहण्यासाठी निम्म्या गल्ल्यांना तेल भरलेले कण दिले जातात आणि निम्म्यांना रिकामे. कोणाला काय मिळाले, हे मोजणाऱ्यालाही सांगितले जात नाही.

३. तथापि अर्जदाराला नाक आहे. शेजारच्या गल्लीतील मोजणीदाराच्या बोटांना लवंगेचा वास येतो, अर्जदाराच्या बोटांना येत नाही. ही गोष्ट सहाव्या मोजणीलाच ध्यानात आली होती. नियमाप्रमाणे अर्जदाराने ती कोठेही बोलून दाखवली नाही, घरीही नाही. घर क्रमांक १७ च्या पिंपात जिवंत अळ्या भरपूर निघत व अर्जदार त्या बिनचूक मोजत असे. त्याची पत्रके नव्या मोजणीदारांना नमुना म्हणून दाखवली जातात.

४. एकविसाव्या मोजणीच्या दिवशी अर्जदाराच्या धाकट्या मुलीला ताप आला. सहाव्या दिवशी ती गेली. वय नऊ. डॉक्टरांनी डासांचा ताप असे सांगितले. डास कोणत्या पिंपातला, हे सांगता येत नाही असेही ते म्हणाले, आणि ते रास्त आहे. पुढच्या मंगळवारी अर्जदार कामावर हजर होता. त्याला रडू आले नाही, अजूनही येत नाही. हात मात्र चालतात.

५. त्या दिवशी रकाना ६ मध्ये तीन लिहिले. पत्रक परत आले. तपासणी टेबलावरील बाईंनी समजावून सांगितले की, माणसे कमी-जास्त झाल्यास घर बाद होते. एक घर बाद झाल्यास एकोणचाळीस उरतात. चाळिसांखालची गल्ली धरली जात नाही. म्हणजे सगळ्यांची मेहनत पाण्यात. त्या मनाने वाईट नाहीत. तोडगाही त्यांनीच काढला : 'कुणी नातेवाईक राहायला आलं तर चार होतातच की!' त्यानुसार अर्जदाराच्या सासूबाई बारा दिवस येऊन राहिल्या. दोन मोजण्या चार भरल्या. परंतु रकाना ७ मध्ये वय नऊऐवजी एकाहत्तर आल्याने ती पत्रकेही परत आली. सासूबाईही परत गेल्या.

६. अखेर तिन्ही पत्रके दुरुस्त करून दिली व तेव्हापासून अर्जदार चार लिहीत आहे. वय नऊ. पुढील महिन्यात ते दहा करावे किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.

७. येथवर अडचण कार्यालयाची होती. पत्रकावर घरच्या माणसाची सही लागते आणि घर क्रमांक १७ ची सही अर्जदाराची पत्नी करते. गेल्या मंगळवारी अर्जदाराने, घर बाद तर बाद, असे ठरवून तीन लिहिले व पत्रक तिच्यापुढे ठेवले. तिने ते वाचले. पेन मागून घेतले, तीन खोडून चार केले आणि मग सही केली. 'साहेब चार म्हणतात ना? मग चारच,' एवढेच बोलली. थोरली समोर बसली होती, ती उठून आत गेली. पत्रकाची एक शिक्का मारलेली प्रत घरी ठेवायची असते. चार लिहिलेल्या अशा आठ प्रती पत्नीने धाकटीच्या दप्तरात नीट लावून ठेवल्या आहेत.

८. अर्जदाराने तिला समजावलेले नाही. त्याच्या तोंडून तो आकडा निघत नाही. सबब विनंती की, घर क्रमांक १७ मध्ये आता तीन माणसे आहेत, असा आदेश आपल्या सही-शिक्क्यानिशी काढावा. घर बाद झाले, अर्जदाराचे काम गेले, तरी तक्रार नाही. आदेश पत्नीच्या नावे असावा. ती आपला शिक्का मानते. तो टपालाने न पाठवता कोणीतरी घेऊन यावे व घरात बसून मोठ्याने वाचावा. अर्जदारही ऐकणार आहे.

आपल्या हाताखालचा,
(सही)
अळी मोजणीदार, तथा कुटुंबप्रमुख, घर क्रमांक १७
मंगळवार, मोजणी क्रमांक ३०

सोबत :
१) मृत्यूच्या दाखल्याची प्रत
२) मोजणी क्रमांक २९ चे पत्रक, खाडाखोडीसह