खांद्याला बसेल अशी रायफल

२४ फेब्रुवारी

लायसन्स आलं! आता रायफल.

गावातले टिपेने काका एवढंच म्हणाले, "रायफल नीट निवडलीस तर माझ्या पोराची जागा तुझी." त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात खाणीवर गेलाय, म्हणून एप्रिलच्या हरणांच्या शिकारीला त्यांच्या रानातल्या झोपडीत एक बिछाना रिकामा आहे. दुसऱ्या बिछान्यावर त्यांची मुलगी. नाइओ. मधे काका घोरत असतील — घोरू देत.

सर्व्हेइंग जमत नव्हतं म्हणून कॉलेज सोडलं असं आईला सांगितलंय. जमत होतं की! पण तिकडे डनीडनच्या कॉलेजात बसून, नाइओ आत्ता कुठल्या शेडमध्ये लोकर निवडत असेल, एवढंच डोक्यात. जमीन कुठली मोजणार?

आता ही जागा गेली, तर कॉलेज सोडण्यालाही अर्थ उरणार नाही.

२७ फेब्रुवारी

"नीट निवडलीस तर" म्हणजे काय, हे मात्र काका सांगत नाहीत.

म्हणून गावभर विचारत फिरलो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! थ्री-नॉट-एट रायफलवाला म्हणतो, हिची काडतुसं कुठल्याही आडगावात मिळतात, बाकी सगळा थाट. टू-सेव्हन्टीवाला म्हणतो, हिची गोळी दरी ओलांडून सरळ जाते. लाकडी दस्त्यावाला लाकूड कुरवाळत बोलतो. प्लॅस्टिकवाला म्हणतो, आपल्या पावसात लाकूड फुगतं, मग नेम कुठे जातो ते विचार त्याला. मी खरंच विचारलं. दोघांचं भांडण झालं, मी निघून आलो.

गंमत म्हणजे सगळे खरंच बोलत असावेत. मग निवडायचं कसं?

१ मार्च

मर्वच्या दुकानात गेलो. मर्व जन्मात हळू बोललेला नाही. आपण मारलेल्या प्रत्येक नराची शिंगं भिंतीवर, आणि प्रत्येकाची गोष्ट तोंडपाठ. त्याने मॅग्नम खाली काढली, दुकानातली सगळ्यात दणदणीत रायफल. काळी, लांब, वर केवढा तरी स्कोप. हातात घेतली आणि अंगावर शहारा आला. हीच!

मागून आवाज — "प्रोफेसर, हत्ती मारायला निघालास का?"

नाइओ. साबण घ्यायला आली होती. (मर्व साबणही विकतो.) कॉलेज सोडल्यापासून मी तिचा प्रोफेसर. तिने माझ्या हातातून रायफल घेतली, बोल्ट उघडून आत पाहिलं, परत दिली. म्हणाली, डोळे मीट, खांद्याला लाव, आता उघड. उघडले, तर स्कोपमध्ये काळी चंद्रकोर. पूर्ण गोल दिसायला मान ताणावी लागली.

ती म्हणाली, दस्ता तुला लांब पडतोय. रायफल आपल्याजवळ आली पाहिजे, आपण रायफलीजवळ जायचं नाही.

मी म्हटलं, तुझी ती बायकांची सेव्हन-नॉट-एट रायफल तुलाच लखलाभ. ती हसली, साबण घेऊन गेली. असं का बोललो? तिच्यासमोर तोंडाला कुलूपच लावायला हवं.

८ मार्च

आज नेमबाजीच्या मैदानावर. टिपेने काकांनी मर्वची मॅग्नम मला चालवायला मागून आणली होती. मी खूश! पहिली गोळी — खांद्यावर घोड्याने लाथ मारावी तशी. दुसरी, तिसरी. निशाणाच्या कागदाला धक्कासुद्धा नाही. वारा आहे, म्हणालो. झेंडा तर लोंबत होता.

मग काका म्हणाले, आण, मी भरतो. भरून दिली. मी चाप ओढला — आणि काहीच झालं नाही. फक्त 'टक'. पण नळी मात्र धाडकन खाली! त्यांनी न सांगता रिकामं काडतूस घातलं होतं. धक्का बसलाच नव्हता. धक्का बसणार म्हणून मीच आधी रायफल खाली हिसकली होती.

मैदानावरचे सगळे हसले. मी चिडून रायफल तिथेच टाकणार होतो, पण काका हसत नव्हते. "भीती सगळ्यांनाच असते, पोरा. ती आहे हे कळायला हवं, नाहीतर वाऱ्याला शिव्या देत बसशील."

घरी येताना तेच डोक्यात. मला वाटलं होतं मी नेम धरतोय. हाताला माहीत होतं की मी घाबरलोय. हातांना किती काय माहीत असतं!

९ मार्च

खांदा जांभळा. आईला वाटलं मारामारी केली.

१५ मार्च

आज काकांनी नवीच गंमत काढली. चार रायफली आणल्या आणि सगळ्यांच्या नळीवरच्या अक्षरांवर चिकटपट्टी लावली. कुठली कुठली ते विचारायचं नाही. डोळे मिटून खांद्याला लावायची, उघडायचे, श्वास सोडायचा, गोळी. मधे कधीही रिकामं काडतूस.

पहिली जड. धक्का कमी, पण दिवसभर डोंगर चढताना हिला कोण वागवणार? दुसरी पिसासारखी आणि कानफटात मारल्यासारखी. हलकी रायफल जास्त लाथ मारते हे मला माहीतच नव्हतं! कुतूहल म्हणून पुन्हा चालवली. पुन्हा तसंच. तिसरी — डोळे उघडले तर स्कोपमध्ये पूर्ण गोल, चंद्र उगवल्यासारखा. गोळी सुटली तरी निशाण नजरेतून गेलं नाही. रिकाम्या काडतुसालाही नळी जागची हलली नाही. चौथीला मी हातच लावला नाही.

म्हटलं, ही.

काकांनी पट्टी सोलली. सेव्हन-नॉट-एट.

नाइओ कुंपणावर बसून चीज रोल खात होती. माझ्याकडे बघून तिने पुढचा घास घेतला. तेच जास्त लागलं.

२२ मार्च

घेतली. नवी नाही, मर्वकडे एका म्हाताऱ्याने विकायला ठेवलेली. स्टेनलेस नळी, काळा दस्ता. दस्ता जरा कापून घेतला. मर्वने मोठा स्कोप माथी मारायचा प्रयत्न केला. काकांनी छोटा घ्यायला लावला. झाडीत मोठ्या स्कोपमधून नुसते केस दिसतात, म्हणाले, जनावर दिसत नाही. आणि स्कोपने शोधायचंच नाही, शोधायला दुर्बीण. डोकं, मान, खांदा, पाय, पूर्ण जनावर ओळखू येईपर्यंत रायफल खांद्यावरच अडकवलेली.

जागा माझी!

२ एप्रिल

झोपडीत. पाऊस, चावऱ्या सँडफ्लाय माश्या, काकांचं घोरणं. माजाचे दिवस ऐन रंगात — पहाटे दरीच्या दोन्ही अंगांनी नर डुरकताहेत. नराला वाटावं दुसरा नर आलाय, म्हणून मीही डुरकतो, व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीतून. महिनाभर मेंढ्यांच्या शेडमागे सराव केलाय. नाइओ म्हणते, हे एक मात्र प्रोफेसरला कॉलेजात शिकवलं असणार.

तिने माझं कौतुक केलं. केलंच की!

काल तिने चहा ओतताना विचारलं, कॉलेज खरं का सोडलंस? सर्व्हेइंग जमत नव्हतं, म्हणालो. "खोटं नीट बोलता येत नाही तुला," म्हणाली. मग काका आत आले.

४ एप्रिल

आज काय झालं ते इथेच लिहितो. कुणाला सांगणार नाही.

सकाळी काकांनी वाटणी केली. ओढ्याच्या पलीकडचं रान नाइओचं, अलीकडचं माझं. त्यांचा गुडघा धरला होता, ते झोपडीतच. ओढा ओलांडायचा नाही, हा नियम सगळ्यात वरचा.

बीच जातीच्या झाडांत बसून डुरकलो. उत्तर आलं. जवळून! पुन्हा डुरकलो, पुन्हा उत्तर — रागीट, खोल. अंगात वीज शिरली. मी सरकत गेलो, तोही सरकत आला. मग फर्नमध्ये काहीतरी तपकिरी हललं.

दुर्बीण गळ्यात होती. हात तिकडे गेलाच नाही. रायफल खांद्याला इतकी अलगद बसली की विचाराला जागाच उरली नाही. पूर्ण गोल. गोलात तपकिरी तुकडा. सेफ्टी उघडली. हे माझं रान, इथे दुसरं कोण असणार? बोट चापावर.

त्या तपकिरी तुकड्याने हात वर केला आणि कपाळावरचे केस मागे सारले.

नाइओ होती.

रायफल कशी खाली घेतली आठवत नाही. पोटावर सरपटत मागे गेलो. मग पाठ फिरवून पळालो. झोपडीत येऊन म्हणालो, काही दिसलं नाही. ती उशिरा आली. तीही म्हणाली, काही नाही.

ती ओढ्याच्या अलीकडे का होती? विचारू कसं? विचारलं, तर तिला पाहिलं हे सांगावं लागेल. कशातून पाहिलं, तेही.

६ एप्रिल

परत आलो. एकही नर न मारता. काका म्हणाले, होतं असं. नाइओ गाडीत सारखी खिडकीबाहेरच बघत होती. तिला कळलंय. कळलं नसेल तर अशी का?

कागदाला भोक पाडायला इतकं शिकलो, आणि जे एकच शिकायचं होतं तेच विसरलो.

९ एप्रिल

रायफल मर्वकडे ठेवून आलो. म्हटलं, वीक. तो ओरडला, अरे, तुझ्या मापाची दुसरी मिळणार नाही! म्हणूनच वीक, म्हणालो. त्याला कळलं नाही.

काकांना सांगायला हवं. दारापर्यंत गेलो आणि परत आलो. सांगितलं की जागा गेली, आणि नाइओही. नाही सांगितलं, तर पुढच्या वर्षी ते पुन्हा मलाच रानात नेतील.

१० एप्रिल

नाइओ आली. म्हणाली, रायफल परत का दिलीस, मर्व गावभर ओरडतोय. सांगितलं सगळं. स्कोप, सेफ्टी, चाप. वाटलं थोबाडीत मारेल. ती पायरीवर बसली. म्हणाली, माझं डुरकणं इतकं हुबेहूब होतं की तीही उत्तरादाखल डुरकत ओढा ओलांडून आली. झाडीत तपकिरी काहीतरी हललं. मग ते पाठ फिरवून पळालं, तेव्हा तिला पाठीवरची माझी पिशवी दिसली. तिचीही सेफ्टी उघडी होती.

आता दोघं काकांकडे निघालोय. सांगायला.