बाई थांबतात तिथे

सुरत
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. साक्षी,

आशीर्वाद. मी बरा आहे. तू आणि दीपकराव बरे असाल. बी.पी.ची गोळी वेळेवर घेतो, गीझर दुरुस्त करून घेतला. परवा उत्तरायण, त्यामुळे इथे सकाळपासून गच्च्यांवर स्पीकर लागलेत. वर्गात निम्म्या पोरांच्या बोटांना मांजाने कापल्याच्या पट्ट्या आहेत. शेजारच्या सरलाबाईंनी काल वांग्याची भाजी पाठवली होती. आईसारखी तिखट नव्हती, पण चांगली होती.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर 'जेवलीस का' याच्या पुढे मला जाता येत नाही, म्हणून.

तू दिवाळीत आईचे व्हिडिओ धडे मागितलेस, मागच्या आठवड्यात पुन्हा मागितलेस. दोन्ही वेळा पेन ड्राइव्ह सापडत नाही म्हणालो. तो हरवलेला नाही. शाळेतल्या माझ्या कपाटात आहे आणि रोज वापरात आहे.

आई गेल्यावर तिच्या जागेवर कोणी आलं नाही. मराठी माध्यमाला आता कोण येतो? शोभाबाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "सर, सातवीचं विज्ञान वर्षभर तुम्हीच सांभाळा. कुसुमताईंचे धडे आहेतच, बोर्डावर लावायचे." मी गणिताचा माणूस. स्मार्ट बोर्डात कंपनीने भरून दिलेले धडे गुजराती आणि हिंदीत आहेत. पोरांना ते समजतात, गल्लीत त्याच भाषा बोलतात, पण पेपर मराठीत लिहायचा असतो. म्हणून आईचेच धडे लावतो.

ते धडे लॉकडाऊनमध्ये आपल्या स्वयंपाकघरात केलेले. तू तेव्हा नांदेडला अडकली होतीस, त्यामुळे तुला ते माहीत नाही. फोन मी धरायचो. आईची पद्धत अशी, की अर्धा प्रयोग ती करून दाखवायची आणि मग म्हणायची, "आता मी गप्प बसते. तुम्ही करून बघा." आणि खरंच गप्प उभी राहायची. मी म्हणालो होतो, इथे बंद करू, पुढचं नंतर जोडू. ती म्हणाली, "बंद केलं की पोरं उठून जातात. मी दिसत राहिले तर करतील." मग ती उभी आणि मी फोन धरून उभा. माझा हात भरून यायचा.

वर्गात मी तो भाग पुढे ढकलत आलो. बोट लावायचं, सरकवायचं, आई पुन्हा बोलायला लागते. तास पुरत नाही, हे कारण होतंच. कोणी विचारलंही नाही.

पुढच्या महिन्यात ट्रस्टी बोर्ड बघायला येणार आहेत. शोभाबाई म्हणाल्या, "मधे मधे ताई नुसत्या उभ्या दिसतात. बघणाऱ्याला वाटेल, बोर्ड अडकलाय. तेवढं कापून टाकू या का?" मी लगेच हो म्हणालो. कॉम्प्युटरचे लोकेश सर पुढच्या आठवड्यात बसून कापणार होते. मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं.

गुरुवारी आम्ल आणि आम्लारीचा धडा लावला. हळदीच्या पट्टीचा. आपल्या सुरतेत कापडाच्या चिंध्यांना काय तोटा, म्हणून आईने सगळ्यांना पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून, वाळवून आणायला सांगितलेलं आहे. मी पोरांना तसं काही सांगितलं नव्हतं. नुसतं बघून उत्तर लिहायचं, एवढंच आमचं चाललेलं. आई म्हणाली, "आता मी गप्प बसते," मी बोट लावलं, आणि बोर्ड सरकेना. पुसून बघितलं, दाबून बघितलं.

मागच्या बाकावरून पंडित ओरडला, "सर, टच हँग हो गया. रहने दो ना!"

आई उभी. मी वर्गाकडे पाठ करून उभा. मग मागे गडबड ऐकू आली म्हणून वळलो, तर दिपालीने दप्तरातून पिवळी पट्टी काढली होती. मग आणखी कोणी, मग बऱ्याच जणांनी. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना शेजारच्याने अर्धी फाडून दिली.

"हे कोणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"बाईंनीच की," दिपाली म्हणाली. "मागच्या धड्याच्या शेवटी सांगतात ना, पुढच्या वेळी काय आणायचं ते. आम्ही दरवेळी आणतो, सर. तुम्ही पुढे पळवता."

दरवेळी आणत होती, साक्षी. आणून तशीच परत नेत होती.

कोणीतरी हात धुवायच्या जागेवरून साबणाचं पाणी आणलं. पट्ट्या बुडल्या. "अरे जो, लाल थई गयुं!" "माझी चॉकलेटी झाली." "तू पट्टी चाटली असशील." नुसता कल्ला. मी कोणाला गप्प केलं नाही.

बोर्डावर आईने पदर खोचला, ओट्याला टेकली. मग एका बाजूने एक हात आला आणि तिला चहाचा कप दिला.

"सर, हा तुमचा हात! घड्याळ तेच आहे!"

"सर, चहा तुम्ही करायचात?"

"हो."

"बाईंनी तोंड वाकडं केलं बघा. साखर टाकली नव्हती काय?"

सगळे हसले. मीसुद्धा हसलो असेन. आईने खरंच तोंड वाकडं केलं होतं आणि फोनच्या वर, म्हणजे माझ्याकडे बघितलं होतं. मग पुन्हा कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "माझ्याकडं काय बघायलात? पट्टीकडं बघा."

एव्हाना सगळा वर्ग पुन्हा आपापल्या पट्टीकडे वळला होता. तिच्याकडे बघणारा मी एकटाच होतो.

तास पुरत नाही हे खोटं नव्हतं, पण ते कारण नव्हतं. शिकवताना ती सगळ्यांची बाई असते, ते मला चालतं. थांबली की ती घरातली होते. ते बघणं मला जमत नव्हतं. घरी तर मी एकही धडा लावलेला नाही. वर्गात चाळीस पोरं आजूबाजूला असतात म्हणून निभतं. तुला नक्कल करून द्यायची म्हणजे घरी उघडून बघावं लागलं असतं, म्हणून सापडत नाही म्हणालो.

शुक्रवारी शोभाबाईंकडे गेलो. म्हणालो, कापायचं नाही.

"सर, तुम्हीच हो म्हणालात ना? आणि पस्तीस मिनिटांत हे सगळं बसवणार कसं?"

"विज्ञानाला जोडून माझा गणिताचा तास द्या. गणित मी शनिवारी शाळा सुटल्यावर घेईन."

"शनिवारी पोरं थांबतील?"

"थांबतील."

"आणि ट्रस्टींना काय सांगू? बाई का उभ्या आहेत?"

"त्यांच्याही हातात पट्टी द्या," मी म्हणालो. गेल्या वर्षभरात मी त्यांच्याशी एवढं बोललो नव्हतो. मग त्यांनी वेळापत्रक पुढ्यात ओढलं आणि तासांची अदलाबदल केली. लोकेश सरांकडून मी सगळ्या धड्यांची नक्कल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर करून घेतली. काहीही न कापता.

तो पेन ड्राइव्ह यात आहे. कागदात गुंडाळलेली पिवळी पट्टी दिपालीने दिली आहे. नांदेडच्या ताईला द्या म्हणाली. तुझ्याबद्दल यांना कसं माहीत कोण जाणे. आईनेच सांगितलं असेल.

माझी एक विनंती आहे. पाकीट मिळालं तरी लगेच लावू नकोस. पुढच्या रविवारी दुपारी दीपकराव कामावर गेले की वाटीत साबणाचं पाणी घेऊन बस आणि मला फोन लाव. हाच धडा तू तिकडे सुरू कर, मी इकडे घरी सुरू करतो. काही बोलायची गरज नाही. फोन फक्त चालू ठेवू. आई थांबली की आपणही थांबू. ती पुन्हा बोलायला लागेपर्यंत.

मी चहा करून ठेवीन, साखर घालून.

तुझ्या फोनची वाट बघतो.

बाबा