पाइपातला पांढरा खडा

दि. ४ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र लांबलं, रागावू नका. इथे कामाची नुसती झुंबड आहे आणि मजाही तितकीच! गाळ कुजवून निघणाऱ्या गॅसवर आमच्या मैलापाण्याच्या केंद्रातले निम्मे पंप चालतात, हे मागे कळवलंच होतं. आता त्याच गाळातून पिळून काढलेल्या पाण्यातून मी खत काढायला बसलेय. बाबा, जन्मभर पाइपांतून हातोडीने फोडताना तुम्ही ज्याला शिव्या घातल्यात ना, तो पांढरा खडा म्हणजेच हे खत! पिकाला लागणारा फॉस्फरस त्यात ठासून भरलेला असतो. लोक तो खाणी खणून काढतात आणि आपण तो कचऱ्यात फेकत होतो.

पण पाइपात न बोलावता येणारा हा पाहुणा टाकीत बोलावूनही येत नाही. हवा सोडते, मॅग्नेशियमचं मीठ घालते. हाती येतं ते पीठ कालवल्यासारखं पाणी, तेही वाहून जातं. चार खेपा झाल्या. दर खेपेला टाकी आम्लाने धुऊन लख्ख करते. काम संपलं की भांडं आरशासारखं हवं, ही तुमचीच शिकवण.

सव्वीस तारखेला मोठे साहेब बघायला येणार. तोवर वाटीभर खडे दिसले नाहीत तर टाकी बंद आणि माझी रवानगी पुन्हा फायलींच्या खोलीत. दोन वर्षं मागे लागून मिळवलीय हो ही टाकी. तुम्हाला काही सुचतं का?

आईला नमस्कार. माया आहेच, ती टपालानेही पाठवत जा.

तुमची
ठकू


दि. ९ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

हसावं की रडावं कळेना. तो खडा म्हणजे खत? त्याने माझ्या अंगठ्याचं नख दोनदा घेतलंय!

शिकवण माझी, तेव्हा चूकही माझीच. अगं, लख्ख घासलेल्या पाइपात तो महिनोन्महिने फिरकत नसे. जुना खरखरीत कण राहिला, की पंधरा दिवसांत पाइप गच्च. त्याला बसायला भाऊबंद लागतात. तेही पाइपाच्या कोपरावर, जिथे पाणी आपटतं तिथे.

हे कसं कळलं ते सांगतो, पण आईजवळ बोलू नकोस. तुला कांजिण्या आल्या होत्या, तेव्हा एक पाइप अर्धवट खरवडून मी दुपारीच घरी पळालो. तिसऱ्या आठवड्यात तो तुंबला, हौद उतू गेला आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने हजामत केली.

तर टाकी धुऊ नकोस. तुमच्या जुन्या पाइपांतले खडे जाडसर कुटून तळाशी टाक आणि त्यांच्यावर पाणी खेळतं ठेव. जेवणाची आबाळ करू नकोस. तुझा लोभ तुझ्याकडेच मागतो.

तुझा
बाबा

ता. क. हे पत्र टपालात मी टाकणार, हे यांच्या लक्षात राहिलं नाही. हौदाची हकिकत मला तेव्हाच कळली होती. कपडे कोण धूत होतं? – आई


दि. २७ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

जमलं! बाबा, जमलं! नवव्या दिवशी खालचा नळ सोडला आणि काचेच्या भांड्यात खडखड वाजलं. मी अशी किंचाळले, की पंपवाले काका शॉक लागला समजून धावत आले. मोत्यासारखे गोल दाणे, वाटी कसली, बादलीभर! काल मोठ्या साहेबांनी मूठभर हातात घेतले ते सोडेचनात. दुसरी टाकीही मंजूर झाली.

त्यांनी विचारलं, ही युक्ती कुठून सुचली. खरं तर पुस्तकातही ती ओळ होती, मी वाचून पुढे गेले होते. बाबा, एक कबूल करायचंय. शाळेत कुणी विचारलं, की माझे बाबा ऑफिसात असतात, असं मी सांगायचे. काल वीस माणसांसमोर सांगितलं, की माझे वडील मैलापाण्याच्या केंद्रात फिटर होते आणि हे त्यांनी शिकवलं. फार उशिरा सांगितलं. मला माफ करा.

आहे तसाच लोभ राहू द्या, एवढंच मागते.

तुमची
ठकू


दि. २ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

शाब्बास गं पोरी! ऑफिसाचं मला तेव्हाच माहीत होतं. तुझ्या बाईंनी एकदा मलाच विचारलं, कोणतं ऑफिस. मीही ठोकून दिलं, की मोठं आहे. वाईट वाटलं नव्हतं असं लिहिणार होतो, पण थोडं वाटलं होतं. आता नाही.

तुझं पत्र आईकडून दोनदा वाचून घेतलं. चष्मा माझ्या खिशातच होता. खिडकीखाली शेजारी गप्पा मारत उभे होते, म्हणून फिटरच्या ओळीशी ती आवाज हळू करायला लागली. मी म्हटलं, अगं, जरा मोठ्याने वाच.

लोभ आहेच, तुझ्या दाण्यांसारखा वाढू दे.

तुझा बाबा,
फिटर