डबल बेलला हसायचं

प्रिय आपा,

सलाम. आमचे इरफान दर शुक्रवारी कब्रस्तानात जाऊन तुझ्यासाठी फातिहा पढून येतात. आपल्या घरच्या बायका तिथं जात नाहीत, नाहीतर आज मी स्वतः आले असते आणि तुझ्याशी तिथंच भांडले असते. ते जमत नाही, म्हणून हे पत्र. आज तुझ्या शाळेत जाऊन आले. घरी येऊन बसले ती थेट लिहायलाच. मशीनवर साड्या पडून आहेत, पडू देत.

तुझ्या शाळेत गेले होते, हे ऐकून धास्तावलीस का गं? धास्तावायलाच हवं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. कारण मला जे ठाऊक होतं ते आज सगळं उलटंपालटं झालंय.

माझी सानिया लहानपणी गोष्ट सांगितल्याशिवाय घास गिळायची नाही. मी आपली फॉल लावता लावता तोंडाला येईल ते सांगायची. एसटीत बसून बाजाराला जाणारी शेळी तशीच तोंडात आली. तू त्या दिवशी परंड्याला आली होतीस, दारात उभी राहून सगळं ऐकलंस आणि म्हणालीस, "ये लिख डाल गे." मी म्हटलं, लिहून काय करू, कोण ऐकणार? "मेरे बच्चे सुनेंगे," तू म्हणालीस. घरात आपली बोली दखनी, पण गोष्टी मराठीत लिहायच्या हे तूच ठरवलंस, कारण तुझ्या वर्गातली पोरं मराठी.

मग आपली रीतच पडली. गोष्ट झाली की मी पानांचे फोटो तुझ्या मोबाईलवर पाठवायचे. तू म्हणायचीस, आधी मी एकदा नजर टाकते, चुकाबिका बघते. शनिवारी सकाळची शाळा. मी पोरांचे डबे उरकून सोनारीची गाडी धरायची, फाट्यावर तू स्कूटी घेऊन उभी असायचीस. वाडीवरची ती दोन खोल्यांची शाळा, सतरंजीवर बसलेली तुझी तिसरी-चौथीची पोरं. मी वाचायची, तू मागं खुर्चीवर. पोरं जिथं हसायची तिथं मी पेन्सिलीनं खूण करायची. जी गोष्ट गप्प गेली, ती घरी येऊन फाडून टाकायची. एकदाही मागं वळून बघितलं नाही.

परतताना मी तुझ्या पाठीमागं बसून दरवेळी एकच विचारायची. "आपा, सच्ची बोल, पसंद आई क्या उनको?" आणि तू आरशातून माझ्याकडं बघत म्हणायचीस, "बच्चे झूठ बोलते क्या गे?"

कसं बोलवलं गं तुला ते?

पुस्तक निघालं तेव्हा सोलापूरच्या प्रकाशकांनी विचारलं, मागच्या पानावर काय घालायचं? मी छाती फुगवून सांगितलं, घाला की, या गोष्टी मोठ्यांनी नाही, मुलांनी निवडल्यात. तीच ओळ छापली. मग ते म्हणाले, ताई, आता नुसतं लिहून भागत नाही, दिसायलाही लागतं, व्हिडिओ टाकत जा. आपण माझ्या स्वयंपाकघरात व्हिडिओ करायचो, आठवतं? मी पुस्तक हातात धरलं की कुकरची शिट्टी. शिट्टी थांबली की दारात कुणीतरी, "पिको झाला का ओ?" ती बाई गेली की धाकट्याला शी. इरफान त्यांच्या बांगड्यांच्या दुकानातून फोन करून विचारायचे, जेवण आहे का आज, का नुसताच व्हिडिओ आहे? आणि मोबाईल धरून तू. मला अजून डोळ्यांसमोर दिसतंय, तू म्हणालीस, "फिर से बोल. 'मुलांनी निवडल्या' पे जरा रुक." मी थांबले. पुन्हा बोलले. तुझा हात जरासुद्धा हलला नाही.

मग तुला ताप आला. सोलापूरच्या दवाखान्यात नेलं, चार दिवसांत घरी येते म्हणालीस, आणि आली ती गाडी तुझं मय्यत घेऊन. चाळिसावा होईपर्यंत मी पेनाला हात लावला नाही. पुढं प्रकाशकांचा फोन आला. पहिल्या पुस्तकाचं नाव चाललंय तोवर दुसरं येऊ द्या, म्हणाले. आणि शाळाशाळांत जाऊन वाचा, त्याशिवाय पुस्तक कुणाला कळणार?

म्हणून जळकोटला गेले. शेळीची गोष्ट वाचली, आपली हुकमी. आपा, एकही पोरगं हसलं नाही. शेळी तिकिटांचा गठ्ठा खाते, कंडक्टरमामा डोक्याला हात लावतो, डबल बेल देतो, तुझ्या वर्गात तिथं छप्पर उडायचं. तिथं एक पोरगी मला विचारते, "मॅडम, सुट्टी कवा हाय?" येताना गाडीत तोंड खिडकीकडं करून बसले. घरी सांगितलं, माईक बरोबर नव्हता. दुसऱ्या शाळेत तेच झालं, तिथं तर माईकच नव्हता. मला वाटलं, तू गेलीस आणि माझ्या आवाजातला जीवच गेला. खरंच तसं वाटलं गं. रात्रंदिवस एकच भीती, की मला आता वाचताही येत नाही आणि लिहिताही येणार नाही. शेवटी इरफानच म्हणाले, "आपाच्या शाळेत जा. तिथली पोरं हसतात."

तुझ्या जागी कदम सर आलेत. तरणे आहेत, नम्र आहेत. या की ताई, म्हणाले.

नवी गोष्ट घेऊन गेले. तू गेल्यावर लिहिलेली ती पहिलीच. शेळी आता म्हातारी झालीय. ती रोजच्या गाडीत बसते, पण बाजाराला जात नाही. मध्येच एका थांब्यावर उतरते, जिथं कुणीच उतरत नाही. मागं वळून बघत नाही. कंडक्टरमामा दारात उभा राहून तिच्याकडं बघत राहतो, आणि मग डबल बेल देतो. एवढीच गोष्ट. शेळी कोण, ते तुला सांगायला नको. ते वाक्य वाचताना मला अक्षरं दिसेनात. मी कसंबसं म्हटलं, "आणि मामानं डबल बेल दिली."

वर्ग खो खो हसला.

पोट धरून हसली पोरं. कदम सरांनी गडबडीनं हात वर केला तशी गप्प झाली. मी एवढंसं तोंड करून उभी.

"का रं हसलात?" मी विचारलं.

मग पुढच्या रांगेतली वैष्णवी उभी राहिली, ती दोन वेण्यांची. "मावशी, डबल बेल आली की हसायचं. बाईंनी सांगून ठिवलंय."

"कवा सांगितलं?"

"तुमी यायच्या आदल्या दिवशी. बाई गोष्ट वाचायच्या आन् कुठं हसायचं ते सांगायच्या. डबल बेल तर पक्कीच व्हती." तिचा चेहरा उतरला. "चुकलं का मावशी?"

"न्हाय बाळा," मी म्हटलं. "तुझं काय चुकलं न्हाय."

कदम सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांना सगळं कळलं असणार, तेही मास्तरच. तपासणीला साहेब यायचे असले की आदल्या दिवशी वर्गात काय चालतं, ते तूच मला रंगवून सांगायचीस. उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा, म्हणजे साहेबांना सगळा वर्ग हुशार दिसतो. आपण दोघी हसून लोळायचो. साहेब खूश होऊन शेरा लिहून जायचा आणि तू आम्हाला त्याची नक्कल करून दाखवायचीस.

मी साहेब होते का तुझी, आपा?

तुझ्या सख्ख्या बहिणीला तू साहेबाच्या खुर्चीत बसवलंस. दर शनिवारी. मी खुशीत पेन्सिलीच्या खुणा करत होते आणि तुझी पोरं शुक्रवारचा सराव करून दाखवत होती. मग मी घरी येऊन ज्या गोष्टी फाडल्या, त्या कुणी नाकारल्या होत्या? पोरांनी? का त्या तुला आवडल्या नव्हत्या म्हणून तू सराव घेतला नव्हतास? पुस्तक मुलांनी निवडलं नाही. तू निवडलंस. आणि मी साऱ्या जिल्ह्यासमोर, मोबाईलमध्ये बघून, थांबून थांबून, खोटं बोलत राहिले. ते खोटं आहे हे एकट्या तुला ठाऊक होतं आणि मोबाईल तुझ्याच हातात होता.

का केलंस, ते मला कळत नाही असं नाही. मी शिलाईचा क्लास अर्धा सोडला, बारावीनंतर कॉलेज अर्धं सोडलं. पोरं गप्प बसली तर ही लिहिणंही सोडील, असं वाटलं असेल तुला. पण मग तोंडावर सांगायचं ना! ही फसलीय, ही पुन्हा लिही, इथं लांबण लागलंय. तू वर्गातल्या ढ पोराला सुद्धा चूक दाखवल्याशिवाय पुढं जाऊ द्यायची नाहीस. मग मीच अशी काय परकी होते? दया करायची होती तर ती मला सांगून करायची होती. आता मी कुणाशी भांडू? पांढऱ्या कापडात गुंडाळून तू निघून गेलीस, आणि मला माझं एकही वाक्य खरं वाटेना.

वर्गात पुढं काय झालं ते सांगते. मी गोष्ट मिटून ठेवली आणि सतरंजीवर त्यांच्यात जाऊन बसले. म्हटलं, बाईंनी हसा म्हणून सांगितलं तिथं हसलात, ते सोडा. न सांगता हसू आलं, असं कधी झालं का? पोरं एकमेकांकडं बघायला लागली. खुसखुस सुरू झाली. मागून समीर म्हणाला, "पालीची."

"कुठली पालीची?"

"वर्गात पाल येती न्हाय का मावशी. मग बाई टेबलावर चढत्यात आन् तिथूनच पाढे म्हणून घेत्यात."

ती मी फाडलेली, आपा. तुझ्यावर लिहिली होती, तुला चिडवायला. तू फोटो बघून नुसतं "ठीक है" म्हणालीस. शनिवारी वाचली तर पोरं हाताची घडी, तोंडावर बोट, मढ्यासारखी गप्प; मला ती शाळेची शिस्त वाटली. म्हटलं, गोष्ट पारच पडली. परतीच्या एसटीत बसून मी रडले होते.

"मग हसला का न्हाई त्या दिवशी?" मी विचारलं.

"हसू लई येत व्हतं," वैष्णवी म्हणाली. "पर बाईंनी समद्यांना तोंडावर बोट ठिवायला लावलं व्हतं. हसंल त्याची सुट्टी बंद, म्हणल्या." आणि ती सांगता सांगता हसायला लागली. मग समीर. मग सगळे. गोष्ट वाचलेलीही नव्हती मी, नुसती आठवूनच हसत होती. एवढं हसू मी तुझ्या वर्गात कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांच्यात हसता येईना आणि उठून जाताही येईना.

येता येता प्रकाशकांना फोन केला. मागच्या पानावरची ती ओळ पुढच्या वेळी काढा, म्हटलं. "अहो ताई, त्या ओळीवरच पुस्तक चाललंय," ते म्हणाले. मग नाही चाललं तर नाही चाललं. व्हिडिओसुद्धा काढून टाकलेत. एकात शेवटी तुझा आवाज आहे, "हां, अब ठीक," एवढाच. तो फोनमध्ये ठेवलाय. दुसऱ्या कुणाला ऐकवणार नाही.

तुला माफ केलं, असं लिहिणार नाही. अजून केलेलं नाही, आणि तुझ्याशी मी खोटं बोलणार नाही, तू बोललीस तरी. इरफान शुक्रवारी येतील, दुआ करतील, ती त्यांची. माझ्याकडून तुला एकच वचन. पालीची गोष्ट मी पुन्हा लिहितेय, जशी आठवते तशी, तुझ्या नावासकट, टेबलासकट. पुढच्या शनिवारी तुझ्या वर्गात वाचणार आहे. कदम सरांना बजावून आलेय, आदल्या दिवशी पोरांना एक अक्षर सांगायचं नाही. हसली तर हसली, नाही हसली तर तिथंच बसून दुरुस्त करीन. या वेळी त्यांच्या तोंडावर बोट ठेवायला लावणारी तू तिथं नसशील.

तुझ्यावर रागावलेली, तुझीच
नसीम
परंडा