पत्र्याखालचा वर्षावास

फरिदाबाद,
८ एप्रिल २०२५

सौ. दीपमाला हिस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

फोन सोडून नणंदेने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर मी भांडते. कागदावर स्वतःचं अक्षर समोर दिसतं, मग जरा शहाणी होते. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी एवढं तरी शिकवलंच.

विषय तुला माहीत आहे. बाबा गेल्यापासून आपली रीत ठरलेली: बुद्धपौर्णिमेला आई माझ्याकडे येते आणि दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, तुमच्याकडे परतते. काल माझा भाऊराया सुगत सांगत होता की यंदा ती यायला तयार नाही. तुम्ही मागच्या अंगणावर पत्रे टाकून तिला खोली करून दिलीत आणि आता ती तिथून हलत नाही म्हणे. माझ्याकडे तिला एसीची खोली आहे, खिडकीला जाळी आहे, मी स्वतः तिचे पाय चेपते. आणि तिला पत्र्याची खोली आवडली! माझ्या पोटात दुखतंय, असं आमचे शशिकांत हसून म्हणाले. दुखतंयच. पोटची मुलगी मी, आणि जीव रमतो सुनेच्या छपराखाली.

तेव्हा आता मीही मागे, पेरूच्या झाडाशेजारी, आईसाठी खोली बांधते आहे. तुमचा पत्रा कुठला, जाड किती, रंग कोणता, सगळं कळव. लपवू नकोस.

उन्नतीला आत्याचे आशीर्वाद. लोभ असू दे, मत्सर माझ्यापाशी भरपूर आहे.

तुझी
प्रभाताई


बुराडी, दिल्ली,
१९ एप्रिल २०२५

ति. प्रभाताईंस,
सविनय जय भीम, वि. वि.

तुमचं पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलं. यांनी तर उन्नतीला मोठ्यानं वाचून दाखवलं, शुद्ध मराठी कशी असते ते कळावं म्हणून. तिनं मत्सर म्हणजे काय विचारलं. मी म्हटलं, आत्याला भेटलीस की कळेल.

ताई, लपवण्यासारखं काही नाहीच. साधा पन्हळी पत्रा आहे, जस्ताचा. रंग नाही. दुकानदार निळा दाखवत होता, हे म्हणाले कशाला. उन्हाळ्यात खोली भट्टीसारखी तापते, म्हणून वर ओली गोणपाटं टाकतो आणि कूलर लावतो. मार्चमध्ये गारा पडल्या तेव्हा एवढा गोंधळ झाला की उन्नतीनं क्लासचा लॅपटॉपच बंद केला. माकडं धावली की वाटतं घरावरून बुलडोझर जातोय. मी थर्माकोलचं छत लावू या म्हटलं, तर आई रुसल्या. संध्याकाळपर्यंत जेवल्या नाहीत. कारण सांगत नाहीत. कानाचं यंत्र कपाटात, आणि स्वतः पलंगावर तोंड वर करून बसलेल्या.

आणि पोटात दुखायचं म्हणाल तर माझ्याही दुखतं. तुमच्याकडून आल्या की महिनाभर मी प्रभाच्या वरणाचं कौतुक ऐकते. माझं वरण तोवर मुकाट्यानं पातेल्यात असतं.

उरलेले दोन पत्रे जिन्याखाली उभे आहेत. नमुन्याला हवे तर पाठवते!

शशिकांतदादांना नमस्कार. रागावा, पण लोभ कमी करू नका.

आपली
दीपमाला


फरिदाबाद,
३० जून २०२५

सौ. दीपमाला हिस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझे पत्रे जिन्याखालीच असू देत. नमुन्याची गरज उरली नाही.

बाजार पालथा घातला मी. रंगीत पत्रा पाहिला, ॲल्युमिनियमचा पाहिला, कौलांसारखा दिसणारा पाहिला. प्रत्येक दुकानात मी एकच विचारलं की आत आवाज किती येतो. शेवटी पॅनल घेतलं: दोन पत्रे आणि मधे जाड फोम. बाहेरून विटकरी, आतून पांढरंशुभ्र. बसवून झाल्यावर मी खाली खुर्ची टाकून बसले आणि मिस्त्रीला वरून पाइपानं पाणी मारायला लावलं, मग मूठभर खडे टाकायला लावले. काही नाही! दुपारच्या चॅपलमध्ये असायची तशी शांतता. सिस्टर आल्या असत्या तर गुडघे टेकले असते.

तुझ्या छपराला म्हणावं, बस आता एकट्यानं आरडाओरडा करत.

आषाढी पौर्णिमेला गाडी पाठवते. आईला सांग, वर्षावासात भिक्खूसुद्धा जागा बदलत नाहीत. एकदा आली की तीन महिने तिनं इथंच राहायचं. यंदा ती मला उशिरा मिळते आहे, त्याची भरपाई मी दसऱ्यानंतर मागणार आहे.

लोभ आहेच. सध्या थोडा जिंकल्याचा आनंदही आहे.

तुझी
प्रभाताई


फरिदाबाद,
६ ऑगस्ट २०२५

प्रिय दीपमाला,
सप्रेम जय भीम.

आई मजेत आहे असं मी फोनवर सांगत आले. ते खरं नाही. ती दिवसभर छताकडे बघते आणि मग माझ्याकडे.

काल दुपारी आमच्याकडे मुसळधार कोसळत होता. अंगणात घोट्याएवढं पाणी. मी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले, जरा मिरवतच, की बघ कसं शांत आहे. ती खिडकीकडे पाठ करून बसली होती. माझा ओला पदर बघून तिनं विचारलं, की या वेळेला अंघोळ केलीस का. मग म्हणाली, यंदा फरिदाबादेत पावसाचा पत्ताच नाही. दीपमालाकडे चांगला पडतो. पावसाशिवाय वर्षावास कसला, मला तिकडे सोड.

चहाचा कप मी तिच्यापुढे ठेवला. सरोजिनीनगरच्या आमच्या जुन्या क्वार्टरमधला मागचा व्हरांडा आठवला. बाबांनी त्यावर पत्रे टाकले होते. पाऊस आला की आजीची हाक, बाबांची हाक, आम्हा पोरांची हाक, एकही आईपर्यंत पोचत नसे. ती हातातलं काम ठेवून पाटावर बसून राही, तोंड वर करून. तेवढीच तिची सुट्टी. आता आपल्यापैकी कुणाचाच आवाज तिला नीट ऐकू येत नाही. पत्र्यावरचा पाऊस तेवढा येतो. आणि मी दुकानं पालथी घालून, खडे टाकून पारखून, नेमका तोच बंद केला.

आज मिस्त्रीला बोलावलं. पलंगाच्या वरची छताची पॅनलं काढून तिथं साधा पत्रा बसव म्हटलं. तो म्हणाला, मॅडम, लोक आवाज बंद करायला येतात, तुम्ही चालू करायला सांगता. शशिकांत नवा पत्रा आणतो म्हणाले, पण मला दुकानातला नको. आवाज निराळा निघाला तर ती पुन्हा तुझंच नाव घेईल. तुझे ते जिन्याखालचे दोन पत्रे पाठव. सुगतला म्हणावं, टेम्पोत नीट बांध, पोचा पडता कामा नये.

उन्नतीला घेऊन तूही ये. वरण मी शिकवते. ते तरी एकटीचं ठेवून काय करू.

लोभ होता, तो आता तुझ्यावर जरा जास्तच जडला आहे. राग त्याचाही येतो.

तुझी
प्रभाताई

ता. क. पत्रे तुमच्याकडचे आहेत हे आईला कळू देऊ नकोस. पाऊस तरी तिला माझ्या घरचा वाटू दे.